निवडलेली वाट आणि तिचें फळ : कवितेच्या आधारें एक पाठ



पहिलें स्तोत्र आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलांस तोंडपाठ असतें, आणि म्हणूनच कीं काय, मोठीं माणसें तें फारसें नीट वाचीत नाहींत. त्या लहानशा कवितेंत दोन चित्रें आहेत. एक, पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेलें झाड. दुसरें, खळ्यावरील भुसा. मलकापूर, मेहकर किंवा चिखलीकडच्या वाचकास भुसा म्हणजे काय तें सांगावयास नको. ज्वारीची उपणणी चालली असतां वारा चांगला सुटला, म्हणजे दाणा पायाशीं पडतो व भुसा शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन बसतो. मनुष्यानें कोणाच्या संगतींत बसावें व कोणत्या वाटेनें चालावें, एवढी निवड कवीनें दाखविली, आणि तिचें फळ झाड व भुसा यांच्या रूपानें आपल्यापुढें ठेविलें. माणसाची निवड व तिचा परिणाम हा जगांतील कवितेचा फार जुना विषय आहे. या पाठांत तो आपण थोडा खोल जाऊन पाहूं, आणि मुख्यत: आपल्या मराठी कवींच्या आधारानें पाहूं.

पेरावें तसें उगवतें, असें आपण सर्वच म्हणतों. परंतु ही म्हण जो शेतकरी बोलतो, त्यालाच ती अर्धी खरी आहे हें सर्वांहून अधिक ठाऊक असतें. मृगाचा पाऊस पडला, कपाशी लावावी कीं सोयाबीन पेरावें हें घरांत ठरलें, बियाणें चांगलें आणिलें, पेरणी वेळेवर झाली. आणि मग पावसानें वीस दिवस पाठ फिरविली. दुबार पेरणीची पाळी आली. शेजाऱ्यानें आळसानें आठ दिवस उशीर केला होता, त्याचें पीक मात्र उभें राहिलें. आतां शहाणा कोण व मूर्ख कोण? निवड माणसाच्या हातची, पण फळ सर्वस्वीं त्याच्या हातचें नसतें. म्हण येथें थांबते व कवितेचें काम येथून सुरू होतें.

याच कारणास्तव पवित्र शास्त्रांत पहिल्या स्तोत्राच्या थोडें आधीं ईयोबाचें पुस्तक आहे. त्याचा आरंभ व शेवट गद्यांत असून मधला मोठा भाग काव्य आहे. अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघे मित्र समाचारास येतात आणि प्रथम सात दिवस कांहीं न बोलतां जमिनीवर बसून राहतात. तें त्यांचें वागणें उत्तम होतें. पुढें बोलूं लागल्यावर मात्र त्यांनीं पेरणी-कापणीची म्हण उलट बाजूनें वाचिली. तुझें पीक बुडालें, त्या अर्थीं तूं वाईट पेरिलें असलें पाहिजेस, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश आहे. ईयोब हें कबूल करीत नाहीं, आणि ग्रंथाच्या शेवटीं देवही त्या तिघांच्या बोलण्यास मान्यता देत नाहीं. आपल्या उपदेशक बंधूंनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. कोणाच्या घरीं मूल दगावलें, किंवा कर्जापायीं कोणी शेतकऱ्यानें जीव दिला, तर त्या घरच्या ओट्यावर बसून मागील वर्षांच्या निवडींचा हिशेब मांडूं नये. पहिलें स्तोत्र पुढें पाहून चालणाऱ्यासाठीं आहे. मागें वळून दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यासाठीं तें लिहिलेलें नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. सतराव्या शतकांत देहूचे तुकाराम वाणी यांच्यावर जो प्रसंग आला, तो त्यांनीं मागून घेतला नव्हता. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळांत त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावांचून गेली, मुलगा गेला, दुकानाचें दिवाळें निघालें. येथवर निवडीचा प्रश्नच नाहीं. निवड पुढें आली. परंपरा सांगते कीं, वडिलोपार्जित कर्जखतांपैकीं भावाच्या वांट्याचीं भावास देऊन आपल्या वांट्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं. ज्यांच्याकडून येणें होतें ते सारे कुणबी त्या दिवशीं मोकळे झाले. पुढें स्वत:च्या अभंगांत तुकाराम आपल्या दिवाळखोरीकडे पाहून समाधान मानतात. जें गेलें तें बरें झालें, त्यामुळेंच देवाची वाट सांपडली, असा त्यांचा भाव आहे. बाहेरून पाहणारास जो सर्वनाश वाटला, त्यालाच कवीनें लाभ म्हटलें.

परंतु त्याच घरांत जिजाई होती. खतें नदींत गेलीं तरी चूल पेटवावयाचें तिचें काम कांहीं गेलें नाहीं. लोकांनीं तिला कजाग ठरवून तिच्या तोंडाळपणाच्या गोष्टी रचल्या व कीर्तनांत त्या सांगून हंशा पिकविला. मला तो हंशा नेहमींच अन्यायाचा वाटत आला आहे. एकानें निवड करावी व तिची किंमत दुसऱ्यानें भरावी, असें जेथें होतें तेथें ऐकणारानें हंसण्यापूर्वीं थोडें थांबावें.

ही गोष्ट पुढें ठेवूनच आपण नारायण वामन टिळकांकडे येऊं. त्यांचीं पदें 'उपासना संगीतां'तून आपण वर्षानुवर्षें गात आलों आहों, तरी त्यांची जीवनकथा खेड्यांतील पुष्कळ कुटुंबांस तुकड्यातुकड्यांनींच ठाऊक आहे. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. आई लहानपणींच गेली, वडिलांचा स्वभाव कडक, त्यामुळें मुलगा घर सोडून नाशकास आला व तेथें संस्कृत शिकला. पुढें कोठेंही फार दिवस न टिकणें हा त्यांचा स्वभावच बनला. नागपूर येथें अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास असतांना त्यांचें संस्कृत ग्रंथांचें काम चालू होतें. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जातांना एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. मुंबई-नागपूर रस्त्यावरील जी लोहमार्गाची रेघ आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगांव या स्टेशनांवरून जाते, तीच पुढें पूर्वेस राजनांदगांवाकडे वळते. पुस्तक वाचण्याचें वचन टिळकांनीं दिलें व पाळिलें. डोंगरावरील प्रवचनापाशीं ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाई त्या दिवशीं मुंबईंत नव्हत्या. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें होतें. माहेर सोवळ्याच्या अतिरेकानें गांजलेलें. वडील बाहेरून आलेला प्रत्येक जिन्नस धुवून घेणारे. अशा घरांत वाढलेल्या त्या तरुण बाईस, लहान मुलासह, एका दिवसांत अशी अवस्था प्राप्त झाली कीं जिला समाजाजवळ नांवच नव्हतें. पति जिवंत, म्हणून विधवा नाहीं. पति परधर्मांत गेलेला, म्हणून संसार नाहीं. सुमारें पांच वर्षें त्या वेगळ्या राहिल्या. टिळकांची निवड अंत:करणपूर्वक व निष्कपट होती, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु निवड निष्कपट असली म्हणजे तिचा घाव दुसऱ्यास कमी लागतो, असें मात्र होत नाहीं.

टिळकांची 'केवढें हें क्रौर्य' ही कविता महाराष्ट्रांतील शाळांमधून अनेक पिढ्यांनीं वाचिली आहे. घायाळ झालेली पक्षीण पडत-उठत, होतें नव्हतें तेवढें बळ एकवटून आपल्या घरट्याकडे येते; पिलांच्या चोंचींत आणलेला घांस घालते आणि प्राण सोडते. ही भूतदयेची कविता म्हणून शिकविली जाते व तें योग्यच आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनें तिजकडे पाहा. ज्यानें तिला घायाळ केलें, त्याला कवितेंत जवळजवळ जागाच नाहीं. त्यानें क्षणभराची करमणूक निवडिली व तो निघून गेला. त्याचा परिणाम त्यानें पाहिलाही नसेल. परिणाम घरट्यांत आहे. कवि शिकाऱ्याच्या मागें जात नाहीं, तो घरट्यापाशीं थांबतो. माणसाच्या निवडीवर लिहितांना कवीनें कोठें उभें राहावें, हें या कवितेपासून शिकण्यासारखें आहे. आणि ती लिहिणाऱ्याच्या घरट्याचाही विचार वाचणाराच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. कवीनें तसा अर्थ योजिला होता असें मी म्हणत नाहीं; वाचकाच्या मनावर मात्र बंदी घालतां येत नाहीं.

लक्ष्मीबाई परत आल्या, त्या बाप्तिस्मा घ्यावयास नव्हे. पतीच्या जवळ राहावयाचें, पण आपलें सोवळें, आपली चूल, आपलें पाणी वेगळें ठेवावयाचें, असा त्यांचा बेत होता. टिळकांनीं घाई केली नाहीं. पुढें राहुरीकडे राहत असतां, दुष्काळांतील मुलें व सर्व जातींचीं माणसें डोळ्यांपुढें असतांना, जातिभेद देवानें केला कीं माणसानें, या प्रश्नावर त्यांनीं आपल्याशींच विचार केला आणि कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्याचें ठरविलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पतीनें जी वाट एकदम उडी घेऊन धरिली, तिजवर पत्नी पांच वर्षांनीं, एकेक पाऊल टाकीत, स्वत:च्या निर्णयानें आली. आपल्या मंडळ्यांच्या जुन्या नोंदींत कुटुंबप्रमुखाच्या नांवाखालीं 'व कुटुंब' असें एका शब्दांत लिहून मोकळें होण्याची रीत होती. त्या एका शब्दामागें अशा किती लक्ष्मीबाई असतील!

हें सर्व आपणांस कळतें तें त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथावरून. १९३४ ते १९३६ या काळांत त्याचे भाग प्रसिद्ध झाले व आजही मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत तो गणला जातो. त्याची एक खूबी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लक्ष्मीबाई पतीवर रागावतात, त्यांच्या विसरभोळेपणाला हंसतात, त्यांनीं घरचा पैसा कसा वाटून टाकिला तें सांगतात, आणि तरीही वाचकाच्या मनांत टिळकांविषयीं प्रेमच वाढतें. निवडीचें फळ कडू लागलें तें कडू म्हणून सांगितलें, गोड लागलें तें गोड म्हणून सांगितलें. साक्ष देतांना आपण पुष्कळदां कडू भाग गाळून टाकितों. ऐकणारा शेजारी मूर्ख नसतो. गाळलेलें त्याच्या लक्षांत येतें.

टिळकांची 'वनवासी फूल' ही दीर्घ कविता याच प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळते. रानांत फुललेलें एक फूल व कवि यांचा तो संवाद आहे. मनुष्यानें जगाच्या गजबजाटापासून दूर एकांतांत राहावें कीं जनांत मिसळून त्यांच्या उपयोगीं पडावें, हा त्या संवादाचा विषय. आपल्या जिल्ह्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा अजिंठ्याच्या रांगांतील गांवीं राहणाऱ्या वाचकांस असें फूल पाहण्यास लांब जावें लागत नाहीं. संवादाच्या रूपाचा लाभ असा कीं दोन्ही बाजूंस बोलावयास मिळतें. फुलानें कोणाचें काय वाईट केलें? तें सुंदर आहे, सुखी आहे, देवानें लाविलें तेथें आहे. आणि तरीही बाजारांत, दवाखान्यांत, शाळेंत जें मनुष्य झिजतें, त्याच्या झिजण्याला कांहीं अर्थ आहे. खरी निवड चांगलें व वाईट यांच्यामध्यें क्वचितच असते. तशी असती तर कवीला काम उरलें नसतें. चांगलें घ्या व वाईट टाका, एवढें सांगून भागलें असतें. दोन चांगल्या गोष्टी समोर असतां एक सोडावी लागते, तेव्हां माणसाची झोंप उडते.

विचित्र असें कीं हा वाद टिळकांच्या कागदावरच राहिला नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी चाकरी सोडिली, साताऱ्यास बिऱ्हाड केलें आणि 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोहोंसही त्यांत येशूचे शिष्य म्हणून यावयास वाव होता. ही वनांत जाण्याची निवड होती कीं जनांत जाण्याची? संन्याशाप्रमाणें त्यांनीं पगार सोडिला, तें वनांत जाण्यासारखें. चर्चच्या भिंतीबाहेरील लोकांस जवळ करावयास ते निघाले, तें जनांत जाण्यासारखें. फुलाची व माणसाची बाजू एकाच अंगावर घेऊन चालण्याचा तो प्रयत्न होता. मिशनांतील कांहींना तो रुचला, कांहींना नाहीं. त्याचें फळ काय आलें असतें हें पाहावयास ते राहिले नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें त्यांचें निधन झालें. दरबार त्यांच्यामागें फार दिवस टिकला नाहीं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत असत. अभंगाचा सांचा त्यांनीं तेथूनच घेतला व 'अभंगांजलि' दिली. ती मात्र टिकली.

निवडीचें फळ कोणत्या झाडास येईल याचा नेम नाहीं, हें दाखविणारी याहून मोठी गोष्ट 'ख्रिस्तायना'ची आहे. येशूचें चरित्र ओवीबद्ध करावें असें टिळकांनीं योजिलें व सुरुवातीचे कांहीं अध्याय लिहिले. मृत्यूनें तें काम अर्ध्याहूनही फार अलीकडे थांबलें. पुढील बहुतेक सर्व ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं रचिला. ज्यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, ज्यांस अक्षरओळख पतीच्या शिकवणींतून झाली, ज्यांच्यावर ही वाट न विचारतां आली होती, त्यांनींच त्या वाटेचें महाकाव्य पुरें केलें. १९३६ सालीं त्याही वारल्या, आणि ग्रंथ पुस्तकरूपानें त्यानंतर बाहेर आला. 'भरली घागर' हा त्यांच्या स्वतंत्र कवितांचा संग्रहही आहे. १८९५ सालीं जिच्यावर अन्याय झाला असें आपण म्हणतों, तिच्या हातून हें झालें, म्हणून तो अन्याय नव्हता असा निष्कर्ष कोणी काढूं नये. हिशेबाच्या वहींत एक रक्कम दुसरीनें खोडली जाते. जीवनांत दोन्ही रकमा तशाच राहतात.

येथें परदेशांतील एका कवितेची गंमत सांगतों. रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीनें १९१५ सालीं छापलेली दोन रस्त्यांची कविता जगांत फार प्रसिद्ध आहे. शरद ऋतूंतील रानांत वाट दुभंगते. प्रवासी एक निवडतो. कमी मळलेली वाट धरा व यशस्वी व्हा, असा धडा म्हणून ती सभासमारंभांत वाचिली जाते. पण कविता नीट वाचणारास दिसतें कीं दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या, असें प्रवासी स्वत:च सांगतो. पुष्कळ वर्षांनीं आपण सुस्कारा टाकून लोकांस सांगूं कीं मी कमी मळलेली वाट धरिली, असेंही तो आधींच सांगून ठेवतो. म्हणजे कविता निवडीविषयीं आहे तितकीच, निवडीची गोष्ट आपण मागाहून कशी रंगवितों याविषयीं आहे. ती एडवर्ड टॉमस या इंग्रज मित्राच्या चेष्टेंतून निघाली. फिरावयास गेलें असतां कोणतीही वाट धरिली तरी दुसरी धरली असती तर बरें, असें म्हणत हळहळण्याची त्याला खोड होती. चेष्टा पुढें चेष्टा राहिली नाहीं. टॉमसनें त्याच वर्षीं सैन्यांत नांव घातलें व एप्रिल १९१७ मध्यें फ्रान्समधील आरासच्या लढाईंत तो पडला.

एकट्याची नव्हे तर सबंध समाजाची निवडही आपल्या विदर्भानें पाहिली आहे. १९३५ सालीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मत्यागाचा निश्चय जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मधलीं एकवीस वर्षें त्यांनीं विचारांत घालविलीं. त्या निवडीचीं गीतें जलशांतून व भीमगीतांतून आजही आपल्या खेड्यांत रात्र-रात्र चालतात. आपल्या पूर्वजांनींही एक निवड केली होती, आणि तिचें एक फळ असें कीं १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाहींत. बौद्धांस त्या १९९० पासून मिळतात. आजोबांची निवड व नातवाचा शाळेचा दाखला यांचा संबंध असा आहे. यावर आपल्यांतील कोणी अद्याप चांगली कविता लिहिलेली माझ्या वाचनांत नाहीं, याचें मला नवल वाटतें.

शेवटीं आपल्याच जिल्ह्यांतील एक कवि. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची रानांतून ऐकूं येणाऱ्या शिळेची कविता १९३० च्या दशकांत जी. एन. जोशी यांनीं तबकडीवर गाइली आणि ती घरोघर गेली. अशा वेळीं दुसरा कोणी पुण्यामुंबईस जाऊन राहिला असता. हे मेहकरांतच राहिले, वकिली करीत राहिले. गाणें सर्वत्र पोहोंचलें तरी 'शीळ' हा त्यांचा पहिला संग्रह निघावयास १९५४ साल उजाडलें, तेव्हां ते पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढें 'खूणगाठी'स साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. २००० सालीं ते वारले. शहरास गेले असते तर अधिक लिहिलें असतें काय? कदाचित्. पण पैनगंगेच्या कांठचें तें रान त्यांच्या ओळींत उतरलें असतें काय, हाही प्रश्न आहे. न धरलेल्या वाटेवर काय होतें याची साक्ष द्यावयास कोणीच तेथून परत येत नाहीं.

उपदेशक बंधूंस दोन शब्द सांगावयाचे आहेत. हा पाठ मंडळींत घ्यावयाचा असल्यास प्रथम पहिलें स्तोत्र सावकाश वाचावें, मग ईयोबाच्या मित्रांपैकीं एकाचें कोणतेंही भाषण वाचावें, आणि कोणी विचारण्याआधीं खुलासा करूं नये. लोकांनाच विचारावें, मित्राचें बोलणें खरें कीं खोटें? त्यांतील पुष्कळ वाक्यें एकेकटीं घेतलीं तर खरीं आहेत. तीं कोणाला व कोणत्या वेळीं बोलिलीं गेलीं हें पाहिलें म्हणजे घोटाळा उघड होतो. 'स्मृतिचित्रें' जवळ असल्यास वेगळे राहण्याच्या वर्षांचा भाग मोठ्यानें वाचावा. तो वाचून झाल्यावर प्रथम बायांस बोलूं द्यावें. पुरुषांनीं तोंवर थांबावें, आणि बाया उगीच राहिल्या तर त्या उगीचपणालाही थोडा वेळ द्यावा. मुलांस 'केवढें हें क्रौर्य' पाठ असेल. त्यांच्याकडून ती म्हणवून घ्यावी व इतकेंच विचारावें कीं घरट्यांतील पिलांचें दुसऱ्या दिवशीं काय झालें असेल. कवितेंत याचें उत्तर नाहीं. मुलें तें आपापल्या परीनें देतील, आणि तीं उत्तरें लिहून ठेवण्यासारखीं असतील.